‘मंगल’ अक्षरे

मुलगा परदेशी गेला, तेव्हा आमच्या हिने त्याला संगणकावर मराठीतून लिंबाच्या लोणच्याची कृती धाडली. त्याच्याकडे तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! ही चार दिवस गप्प होती.

पुढे २००० साली विंडोजबरोबर ‘मंगल’ आला. घडविणारे र. कृ. जोशी, कवी, सुलेखनकार, पवईच्या आय. आय. टी.त शिकविलेले. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, म्हणून इथला ‘क’ तिथेही ‘क’च. मंगल दिसायला जरा रुक्ष, हे कबूल. पण पडद्याच्या मोजक्या ठिपक्यांत जोडाक्षरे बसवायची, तिथे बोरूचा डौल कुठून आणावा?

हिने कृती पुन्हा धाडली. उत्तर आले, “आई, सगळे वाचता आले. मीठ किती, तेवढे राहिले.”