आधी पाऊस, मग आराखडा

राजापूर तालुक्यातलं आमचं वडिलोपार्जित घर दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा माझं मत पक्कं होतं. आधी आराखडा, मग एका ठेकेदाराला सगळं काम अंगावर, दिवाळीनंतर सुरुवात आणि पावसाच्या आत सगळं पूर्ण. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचा. नोकरीत वर्षानुवर्षं कामांची वेळापत्रकं आखलेली, त्यामुळे बांधकामातलं काही कळत नसलं तरी घराचं कामही तसंच मार्गी लागेल असं मला मनापासून वाटे. आज यातलं जवळपास काहीच मला पटत नाही.

मत बदललं ते थांबावं लागलं म्हणून. घर सामायिक. सगळ्या चुलत भावंडांच्या सह्या जमेपर्यंत मे उजाडला आणि काम पावसाळ्यापलीकडे गेलं. तो पावसाळा मी त्याच घरात काढला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे भूगोलात शिकले होते. तो आमच्या घरात कुठून शिरतो, कुठे मुरतो आणि कुठून निघून जातो, हे मात्र तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माजघराच्या एका भिंतीला वडिलांच्या वेळी सिमेंटचा गिलावा केलेला आहे. तिला लागून असलेल्या भिंतीवर जुना चुनाच आहे. आषाढात सिमेंटच्या भिंतीवर कमरेएवढा ओलीचा पट्टा चढला आणि पोपडे सुटू लागले. मेस्त्रींनी छिन्नीने थोडा गिलावा उडवला. आतला चिरा नखाने खरवडला तरी भुगा पडत होता आणि त्यावर पांढरा लोणा धरला होता. चुन्याची भिंतही ओली होती, हे इथे सांगायलाच हवं. चुना पाणी अडवत नाही. पण श्रावणात उघडीप मिळाली की ती भिंत सुकायची, आणि सिमेंटची दसऱ्यापर्यंत हाताला गार लागायची.

जांभा सच्छिद्र दगड, तो जमिनीतलं पाणी वर ओढतोच. चुन्यातून ते हवेत निघून जातं. सिमेंटच्या आड कोंडलं की पाण्यातले क्षार तिथेच साठतात आणि चिऱ्याचा पापुद्रा फोडतात. चुन्याला वेळ लागतो, हा माझा मुख्य आक्षेप होता. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरवायचा, एक हात देऊन थांबायचं, मग दुसरा. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. म्हणून आता वेळापत्रक चुन्याच्या सोयीने आखते, आणि त्याचं मला ओझं वाटत नाही.

स्लॅबचा विचारही सोडला. १० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण २५० किलो भरतं; मंगलोरी कौलं त्याच्या पावभागही नाहीत. आमच्या भिंती मातीत रचलेल्या. त्यांच्यावर हा भार टाकायला मी आता कुणालाच सांगणार नाही, मग शेजारी कितीही स्लॅब होवोत.

अंगावर काम देण्याबद्दलचं मतही पालटलं. देवघरात गळायचं, म्हणून देवघरावरची कौलं बदलायची असं अंदाजपत्रकात लिहिलं होतं. प्रत्यक्षात फुटकं कौल बरंच वर, आढ्याजवळ होतं आणि पाणी वाशावरून ओघळत खाली येत होतं. तो वासाही वरच्या टोकाला कुजला होता. ज्या घराच्या पोटात काय आहे हे कुणालाच माहीत नाही, त्याचा एकरकमी भाव आधीच कसा ठरणार? ठेकेदार एक तर भाव फुगवून सांगणार, नाही तर पुढे कुठेतरी हात आखडता घेणार, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. म्हणून छप्पर, लाकूडकाम आणि चुना रोजावर. रोज संध्याकाळी उद्या काय उघडायचं ते मेस्त्रींशी बोलून ठरतं. मागचं न्हाणीघर आणि संडास नवे आहेत, ते सिमेंटमध्ये आणि अंगावर दिले. तिथे मोजमाप आधी कळतं, आणि सिमेंटशी माझं भांडण नाही.

सगळ्यांत स्वस्त कामाने सगळ्यांत जास्त गुण दिला. परसात वर्षानुवर्षं माती साचून जमीन जोत्याच्या वर आली होती आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीलाच टेकून उभं राहायचं. माती काढून उतार दिला, चर खणला. हे कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

वासे आणि कौलं झाली. माजघराच्या त्या भिंतीचं सिमेंट पूर्ण काढून ती उघडी ठेवली आहे; आतून वाळल्यावर, दिवाळीनंतर चुन्याचा पहिला हात. पडवीचं अजून ठरवलेलं नाही. तिच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात ओल येते, ती कौलांतून की जोत्यातून, हे यंदाच्या पावसात बघायचं आहे.