डोलवीचे फौजी मिस्त्री

पेण तालुक्यातील डोलवी आज पोलादाच्या कारखान्यामुळे ओळखली जाते. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला दुरूनच उंच धुराडी दिसतात आणि रात्री आकाश तांबूस झालेले दिसते. परंतु चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने ये-जा करणाऱ्या ट्रकचालकांना आणि व्यापाऱ्यांना डोलवी ठाऊक होती ती वेगळ्याच कारणाने. रस्त्याच्या कडेला पत्र्याचे छप्पर, आत तेलाने काळी पडलेली जमीन, भिंतीवर आकारानुसार ओळीने टांगलेले पाने, आणि खाकी सदऱ्यातील एक सडसडीत गृहस्थ. घरचे त्यांना आप्पा म्हणत. बाकी सर्वांसाठी ते ‘फौजी मिस्त्री’ होते.

आप्पांचा जन्म खारभूमीतील एका लहान शेतकरी कुटुंबात झाला. धरमतरच्या खाडीचे पाणी बांधाने अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन निघाला की भात लावायचा, आणि उधाणाच्या रात्री बांध फुटू नये म्हणून कंदील घेऊन फिरायचे, हे त्या भागातील शेतीचे रूप. बांधाला खेकड्याने पाडलेले लहानसे भोक वेळीच बुजवले नाही, तर एका भरतीत वर्षाचे पीक जाते. आप्पांच्या वडिलांनी त्यांना दिलेला पहिला धडा हाच होता. पुढे आयुष्यभर यंत्रांशी व्यवहार करताना तोच त्यांच्या कामी आला.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशभर सैन्यभरती वाढली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातूनही अनेक तरुण निघाले. या जिल्ह्याला सैनिकी परंपरा नवी नव्हती. माणगावजवळच्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे यांना दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीतील लढाईत गाजवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १९६३ मध्ये, विसाव्या वर्षी आप्पा भरती झाले. भाताच्या गिरणीतील ऑइल इंजिनावर त्यांनी दोन हंगाम काम केले होते. ते ऐकून त्यांच्या हाती बंदुकीबरोबर पानाही आला. त्यांची निवड ईएमई दलात झाली आणि प्रशिक्षणासाठी ते सिकंदराबादला गेले.

सैन्यातील वाहने, रणगाडे, तोफा आणि यंत्रे दुरुस्त ठेवणारे हे दल १९४३ साली उभे राहिले. १५ ऑक्टोबर हा त्याचा स्थापनादिन आणि ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीद. लढाई म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर संगीन घेऊन धावणारा जवान येतो. परंतु त्या जवानापर्यंत दारूगोळा, पाणी आणि भाकरी पोहोचवणारी गाडी चालू ठेवणारा कारागीरही त्याच अंधारात, त्याच तोफांच्या टप्प्यात उभा असतो. याच दलातील एक कारागीर म्हणजे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. तरीही १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आप्पांनी त्या बातमीचे कात्रण गॅरेजच्या भिंतीवर चिकटवले. ‘आमच्या दलाचा माणूस’ एवढेच ते म्हणाले.

स्वतःच्या लढाईविषयी मात्र ते बोलत नसत. १९७१ च्या डिसेंबरात ते पश्चिम आघाडीवर, शकरगढ क्षेत्रात होते, हे घरच्यांना त्यांच्या पदकांवरून आणि पेन्शनच्या कागदांवरून ठाऊक होते. मुलांनी आग्रह केला, तर ते शक्तिमान ट्रकच्या इंजिनाचे वर्णन करीत. जबलपूरच्या कारखान्यात जर्मन परवान्यावर बनणारा तो ट्रक त्यांना अतिशय प्रिय होता. थंडीत तो कसा चालू करायचा, सुरुंग पेरलेल्या भागात आधी आखून दिलेल्या पट्ट्यातूनच तो कसा न्यायचा, हे ते तासभर सांगत. माणसांचा विषय निघाला की उठून हात धुवायला जात.

पंधरा वर्षांची सेवा पूर्ण करून १९७८ मध्ये ते गावी परतले आणि त्यांनी गॅरेज टाकले. कोकणात जाणारी मालवाहतूक तेव्हा मुख्यतः याच रस्त्याने होत असे. वडखळ नाक्यावरून एक रस्ता अलिबागकडे वळे, दुसरा नागोठण्याकडे जाई. किराणा, कापड, मीठ आणि तांदूळ घेऊन जाणारे ट्रक येत. गणेशोत्सवापूर्वी पेणच्या मूर्ती गवतात बसवून नेणाऱ्या गाड्या येत, आणि त्यांचे पाटे तपासताना आप्पा विशेष काळजी घेत. एका खड्ड्यात कारागिराची वर्षभराची मेहनत भंगते, असे ते म्हणत.

त्यांची तपासण्याची रीत पाहण्यासारखी होती. गाडी आली की ते चालकाला आधी बोलू देत. मग इंजिन चालू करायला लावत आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर व मूठ कानामागच्या हाडावर टेकवत. डोळे मिटून ते एकेक जागा ऐकत जात. डॉक्टर छातीवर नळी ठेवतो तसेच ते दृश्य असे. बेअरिंग घासते आहे, व्हॉल्व्ह सैल आहे की पिस्टन ठोकतो आहे, हे ते इंजिन न उघडता सांगत आणि ते क्वचितच चुकत.

गॅरेजमध्ये एक लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही असे. वाण्याच्या दुकानातील रोजमेळासारखीच ती रोज लिहिली जाई. तिच्यात तीन रकाने होते. पहिल्यात गाडीचा क्रमांक व तारीख, दुसऱ्यात केलेले काम, आणि तिसऱ्याचे शीर्षक होते ‘राहिले’. गाडी दुरुस्त होऊन निघाली तरी तिच्यात काय काय कमकुवत आहे, ते या रकान्यात लिहिले जाई आणि चालकाला वाचून दाखवल्याशिवाय किल्ली दिली जात नसे. ‘ब्रेकचा पाइप आणखी महिनाभर चालेल, पुढे नाही’, ‘मागचा डावा टायर घाटात नेऊ नये.’ काही चालक हसत, काही वैतागत. परंतु व्यापारी मंडळींना ही रीत आवडे. मालाची बाजू सगळेच सांगतात. त्याची खोट सांगणारा माणूस बाजारात दुर्मीळ असतो.

१९८९ च्या जुलै महिन्यात आंबा नदीला महापूर आला. सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्यावर त्या पुराने घाला घातला आणि अनेक बळी घेतले. नागोठण्याच्या बाजारपेठेतही पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर दुकानांतून चिखल, भिजलेले धान्य आणि कापडाचे कुजके गठ्ठे निघू लागले. पिठाच्या गिरण्या आणि पाण्याचे पंप बंद होते. आप्पा हत्यारांची पेटी आणि दोन पोऱ्ये घेऊन तिकडे गेले. त्यांनी सर्वांना पहिली ताकीद दिली ती ही, की बुडालेले इंजिन कोणीही चालू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना हँडल जोराने मारले, तर पाणी दाबले जात नाही, दांडा मात्र वाकतो. ते आधी तळचे तेल सोडून देत, नोझल काढत, मग इंजिन हाताने हळूहळू फिरवत. आतले गढूळ पाणी कारंज्यासारखे वर उडे. मग डिझेलने धुणे, नवे तेल, पुन्हा फिरवणे. आठवडाभर हे काम चालले. तेलाचे आणि सुट्या भागांचे पैसे त्यांनी पावतीप्रमाणे घेतले. मजुरी घेतली नाही. मजुरी का नाही, असे एका वृद्ध दुकानदाराने विचारले तेव्हा ते म्हणाले, “शेठजी, पूर तुमच्याकडे आला, म्हणून मी कमवायचे का?”

नव्वदच्या दशकात डोलवीत पोलादाचा कारखाना उभा राहिला. गावाचा चेहरा बदलला. अवजड वाहनांची रांग लागू लागली आणि गॅरेजमध्ये काम मावेना. थोरला मुलगा तोपर्यंत हाताशी आला होता. त्याच्या हातात कसब होते, वेगही होता. अशाच एका घाईच्या दिवशी रोह्याच्या एका किराणा व्यापाऱ्याचा ट्रक आला. मुलाने जुने नोझल साफ करून, जुळवून परत बसवले आणि बिल मात्र नव्याचे लावले. फरक साधारण तीनशे रुपयांचा होता. गाडी उत्तम चालली. ग्राहकाची काहीच तक्रार नव्हती. संध्याकाळी वही लिहिताना आप्पांच्या ते ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला पहिल्या एसटीने रोह्याला पाठवले. पैसे परत करायचे, आणि ते का परत करतो आहोत हेही स्वतःच्या तोंडाने सांगायचे, अशी त्यांची आज्ञा होती. भर पेढीवर, मुनीम आणि गिऱ्हाइकांसमोर मुलाला ते सांगावे लागले. शेठजींनी त्याला बसवले, चहा पाजला, पैसे घेऊन जमेला लिहिले आणि एक शब्दही अधिक विचारला नाही. परंतु मुलाच्या मनाला तो प्रसंग फार लागला. “आप्पा, तीनशे रुपयांसाठी तुम्ही माझी अब्रू घालवलीत,” एवढे बोलून तो घराबाहेर पडला आणि एका ठेकेदाराकडे क्रेनच्या कामावर लागला. बापलेकांचे बोलणे बंद झाले. एकाच घरात दोघे वेगवेगळ्या वेळी जेवू लागले. आई दोघांची ताटे वाढी आणि गप्प राही.

असे दहा महिने गेले. खंडेनवमी आली. त्या दिवशी गॅरेजमधील हत्यारे धुऊन, पुसून, झेंडूची फुले वाहून त्यांची पूजा होत असे. आईने मुलाला पूजेपुरते तरी जाण्यास सांगितले. तो गेला. पूजा आटोपल्यावर आप्पांनी पोऱ्यांना प्रसाद देऊन घरी पाठवले, मुलाला बाकावर बसवले, आणि जे पंचवीस वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते ते सांगितले.

१९७१ च्या युद्धातील एक संध्याकाळ. जखमी जवानांना आघाडीवरून मागे आणणारी एक गाडी त्यांच्याकडे तपासणीसाठी आली. पंख्याच्या पट्ट्याला चीर गेली होती. नवा पट्टा एकच शिल्लक होता आणि दारूगोळ्याच्या दोन गाड्या दुरुस्तीसाठी उभ्या होत्या. हा पट्टा आणखी एक फेरी काढील, असा आप्पांनी अंदाज केला आणि गाडी ठीक असल्याची सही केली. चालकाला त्या चिरेविषयी सांगितले नाही. त्याला उगाच धास्ती कशाला, असे वाटले. परतीच्या वाटेवर पट्टा तुटला. इंजिन तापून बंद पडले. दिवे लावण्याची मुभा नव्हती. चालकाने अंधारात चाचपडत दोरी बांधून गाडी कशीबशी पुढे आणली, पण त्यात जवळजवळ दोन तास गेले. गाडीत तीन जखमी होते. एकाची अवस्था गंभीर होती. त्याला पुढच्या रुग्णालयात हलवले गेले. तो वाचला की नाही, हे आप्पांना अखेरपर्यंत कळले नाही.

“मला कोणी दोष दिला नाही,” आप्पा म्हणाले. “लढाईत असे होते, म्हणाले सगळे. पण पट्टा कमकुवत आहे एवढे त्या चालकाला सांगितले असते, तर त्याने दोरी आधीच हाताशी ठेवली असती. हळू आला असता. मी खोटे बोललो नव्हतो रे. मी फक्त सांगितले नव्हते.”

वहीतील तिसरा रकाना कोठून आला, हे मुलाला त्या दिवशी उमगले. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो गॅरेजमध्ये परतला. रोह्याच्या प्रसंगाबद्दल पुन्हा कधी एक शब्दही निघाला नाही.

उतारवयात आप्पांना ऐकू येईनासे झाले. तोफांचा आवाज आणि इंजिनांची घरघर यांनी कान आधीच दुबळे केले होते. त्यांनी ते कोणाला कळू दिले नव्हते. धाकटी मुलगी माहेरी आली की आप्पा आपल्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत, अशी तिची जुनी तक्रार असे. आपले शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते, हे तपासणीनंतर समजले तेव्हा ती फार रडली. गंमत अशी, की माणसांचे बोलणे ऐकू येत नसतानाही स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागे टेकवली की इंजिन त्यांना अजूनही ऐकू येई. आवाज हाडातून पोहोचत होता. शेवटच्या वर्षापर्यंत अडलेली गाडी आली, की मुलगा त्यांना खुर्ची आणून देई.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस आप्पा शांतपणे गेले. अंत्यदर्शनाला पेण, वडखळ, नागोठणे आणि रोहा येथील व्यापारी आले, निवृत्त चालक आले, गिरणीवाले आले. रोह्याच्या त्या पेढीचे आताचे मालक, म्हणजे शेठजींचे चिरंजीवही आले होते. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि सांगितले, की वडिलांनी ती जमेची ओळ त्यांना लहानपणी दाखवली होती, आणि धंदा शिकवताना आधी तीच शिकवली होती.

महामार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा गॅरेज थोडे मागे सरकले. पत्र्याच्या जागी सिमेंटचे छप्पर आले. नव्या गाड्यांचे दोष आता संगणक सांगतो आणि नातू तो सहज हाताळतो. वही मात्र तशीच आहे, लाल पुठ्ठ्याची, तीन रकान्यांची. तिसरा रकाना वाचून दाखवल्यावाचून आजही किल्ली दिली जात नाही. एखादा घाईतला ग्राहक विचारतो, “गाडी झाली ना दुरुस्त, मग हे कशाला?” नातू मान वर न करता उत्तर देतो, “आमच्या आजोबांची पद्धत आहे,” आणि पुढे वाचू लागतो.