निकालानंतरचे गद्य

पदव्युत्तर वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकविणाऱ्या एका प्राध्यापकांच्या घरी पुस्तकांची मांडणी त्यांच्या अध्यापनाला साजेशी होती. बाहेरच्या खोलीत मर्ढेकर, पाटणकर आणि संस्कृत साहित्यशास्त्राचे ग्रंथ होते. आतल्या खोलीत, उशाशी, नेव्हिल कार्डसचे तीन संग्रह होते : ‘डेज इन द सन’ (१९२४), ‘द समर गेम’ (१९२९) आणि ‘गुड डेज’ (१९३४). दर मे महिन्याच्या सुटीत हे संग्रह वाचले जात. वर्गात मात्र कार्डसचे नाव कधी निघाले नाही. कोण जिंकले हे ज्यात जाणून घेण्यासारखे उरलेले नाही, असे सामन्यांचे वृत्तांत माणसाने पुन:पुन्हा का वाचावेत, याचे शास्त्रीय उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. आणि ज्याचे उत्तर जवळ नाही तो प्रश्न वर्गात न्यायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

कार्डसचा जन्म १८८८ मधला, मँचेस्टरचा. घरची ओढगस्त, शालेय शिक्षण जेमतेम. जे शिकला ते सार्वजनिक ग्रंथालयांत. १९१२ मध्ये श्रूजबरीच्या शाळेत तो क्रिकेटचा साहाय्यक प्रशिक्षक झाला आणि पुढे ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये आला. १९१९ मध्ये आजारातून उठल्यावर मोकळ्या हवेत बरे वाटावे म्हणून त्याला ओल्ड ट्रॅफर्डवर धाडण्यात आले, आणि तिथून ‘क्रिकेटर’ या टोपणनावाने होणारे ते लेखन सुरू झाले. १९२७ पासून त्याच पत्राचा प्रमुख संगीतसमीक्षक म्हणूनही तो लिहू लागला. या दोन कामांची सरमिसळ त्याच्या गद्यात आहे, आणि प्राध्यापकांना प्रथम ओढ लागली ती तिचीच.

वृत्तपत्रातल्या वृत्तांताचे प्रयोजन लौकिक असते. कोण जिंकले, किती धावांनी, हे कळले की ते संपते. तोच वृत्तांत संग्रहात आला की प्रयोजन गळून पडते. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ईस्टबोर्न येथे, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या आर्ची मॅक्लॅरनने जमविलेला संघ वॉरविक आर्मस्ट्राँगच्या अजिंक्य ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध पहिल्या डावात ४३ धावांत बाद झाला, आणि अखेर २८ धावांनी जिंकला. हे आकडे कोणत्याही कोशात सापडतात. कार्डस त्या मैदानावर होता, आणि त्याच्या लेखनात या आकड्यांना एका म्हाताऱ्या कर्णधाराच्या हट्टाचा आकार येतो. शेवट ठाऊक असल्याने वाचकाचे काही बिघडत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो. तो कथेसाठी बसत नाही, कथेच्या चालीसाठी बसतो. मर्ढेकरांच्या लयविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ही तिन्ही तत्त्वे या लेखनात दाखविता येतील, असे प्राध्यापकांना वाटे. पण त्यांनी ती कधी दाखविली नाहीत.

संग्रहात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती लेखकाने योजलेली नसते. रोजचा वृत्तांत उद्याच्या अज्ञानात लिहिला जातो. विल्फ्रेड ऱ्होड्स १८९९ मध्ये पहिला कसोटी सामना खेळला. १९२६ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्याला ओव्हलवर परत बोलावण्यात आले. त्या सामन्यात त्याने सहा बळी घेतले आणि इंग्लंडने ॲशेस परत मिळविल्या. अशा खेळाडूवर एकेका उन्हाळ्यात लिहिलेली पाने एकापुढे एक आली की त्यांत एक आयुष्य पुढे सरकताना दिसते. कादंबरीकार काळ रचतो. वृत्तांतकाराला तो रचता येत नाही. संग्रह वाचणाऱ्याला मात्र पुढचे ठाऊक असते आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते हेही जाणवते. प्राध्यापकांच्या मते या लेखनातला करुण याच अंतरातून येत होता.

अशी संगती लागत असतानाच एक अडचण उभी राहिली. कार्डसने खेळाडूंच्या तोंडी घातलेली कित्येक वाक्ये खेळाडूंनी उच्चारलेलीच नव्हती. यॉर्कशरच्या एमट रॉबिन्सनच्या रांगड्या, मिस्किल बोलांचा मोठा भाग कार्डसच्या कल्पनेचा होता, आणि कार्डसनेही ते फारसे लपविले नाही. त्याचे समर्थन वरच्या पातळीवरच्या सत्याचे होते. पात्राला शोभेल ते पात्राने बोलावे, हे औचित्य नाटककाराला मान्यच आहे. पण रॉबिन्सन हे पात्र नव्हते. तो हयात, रोजीसाठी खेळणारा माणूस होता आणि त्याला स्वत:ची वाणी होती. ज्या कष्टकरी थरातून कार्डस स्वत: वर आला, त्याच थरातल्या माणसाला त्याने सुशिक्षित वाचकाच्या कौतुकासाठी बोलके केले, असा आक्षेप घेतला तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. कादंबरीकार वाचकाशी करार करूनच खोटे बोलतो. वृत्तपत्रात तसा करार झालेला नसतो.

प्राध्यापकांनी पुस्तके उशापासून हलविली नाहीत. जिथे जिथे खेळाडू बोलतो तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि खुणा वगळून उरलेले वाचले. बहुतेक लेख त्या कसोटीला उतरले, कारण चेंडूची फेक आणि फलंदाजाचे उभे राहणे यांवरचे कार्डसचे लेखन डोळ्यांनी पाहिलेले होते. तरीही खूण केलेली काही वाक्ये त्यांना आधीइतकीच आवडत राहिली. हे त्यांनी स्वत:शी कबूल केले.

दरम्यान त्यांनी सी. एल. आर. जेम्सचे ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) वाचले. त्रिनिदादहून इंग्लंडमध्ये आलेल्या जेम्सला ‘मँचेस्टर गार्डियन’साठी क्रिकेटवर लिहिण्याची संधी कार्डसमुळेच मिळाली होती. पण क्रिकेट ही पूर्णार्थाने कला आहे, असे मानणाऱ्या जेम्सची त्याच्याविषयी एक तक्रार आहे. कार्डस क्रिकेटवर लिहिताना संगीत वारंवार आणतो. संगीतावर लिहिताना क्रिकेट एकदाही आणत नाही. क्रिकेटला उसनी प्रतिष्ठा मिळते, हक्काची मिळत नाही. हे वाचून प्राध्यापक थांबले. क्रिकेटविषयी बोलताना ते स्वत: कालिदास आणीत, कालिदास शिकविताना त्यांनी कार्डस कधी आणला नव्हता. तक्रार त्यांनाही लागू होती.

निवृत्तीपूर्वीच्या वर्षी, लयविचारावरील एका तासाला, ते ‘द समर गेम’ घेऊन वर्गात गेले आणि त्यातली दोन पाने मराठी करीत वाचून दाखविली. वाचन संपल्यावर पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला : “सर, हे खरेच असे घडले होते का?” पस्तीस वर्षांत कोणत्याही कवितेविषयी त्यांना हा प्रश्न विचारला गेला नव्हता. तो गैरलागू म्हणून बाजूला सारता आला असता. पाठ्य स्वायत्त असते, एवढे म्हणून भागले असते. त्यांनी तसे केले नाही. या प्रकारच्या गद्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारल्यानंतरही जे उरते त्याचीच समीक्षा करायची असते, असे ते म्हणाले. मग खुणा केलेली ती प्रत त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीकडे दिली आणि उरलेल्या खुणा तिने स्वत: कराव्यात, असे सांगितले.