मच्छरदाणीबाहेरचा पक्षी

परवां रात्रीं माझ्या मच्छरदाणींत एक डास शिरला. तासभर टाळ्या वाजवूनहि शत्रु हातीं लागेना, तेव्हां मी दिवा लावला. पलीकडच्या खोलींतून आमच्या मंडळींचा प्रश्न आला, “इतक्या रात्रीं भजन कसलें चाललें आहे?”

दिव्याच्या उजेडांत बसल्या बसल्या मला अकिकिकीची आठवण झाली. हवाई द्वीपसमूहांत कौआई नांवाचें बेट आहे. त्याच्या माथ्यावर अलकाई हें धुक्यांत भिजलेलें पठार आहे. करड्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा हा चिमुकला गाणारा पक्षी तेथल्या शेवाळलेल्या सालींतले किडे टिपीत फांद्यांवरून फिरत असे. जगांत त्याला दुसरें रान नाहीं.

हवाई बेटांत पूर्वीं डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास ते जहाजावरील पाण्यांतून उतरले. मागाहून परदेशी पक्ष्यांबरोबर पाखरांचा हिवताप आला. ज्यांच्या पूर्वजांनीं हा रोग कधीं पाहिला नाहीं, त्यांच्या अंगीं त्याचा प्रतिकार कोठून असणार? सखल रानें मुकीं झालीं. उरले ते डोंगरमाथ्यावरचे. कारण थंडींत डासाच्या पोटांतला रोगजंतु वाढत नाहीं. गारवा हीच त्यांची मच्छरदाणी! आतां जग तापूं लागलें आणि त्या मच्छरदाणीला भोंकें पडलीं. २०२३ सालीं रानांत अवघे ५ अकिकिकी उरल्याचा अंदाज निघाला.

मला बोचली ती मात्र निराळीच गोष्ट. तो डास आपल्याच घरांतला क्यूलेक्स. १८९८ सालीं कलकत्त्यास रोनाल्ड रॉस यांनीं हिवतापाचा डासांतील संपूर्ण प्रवास उलगडला, तो याच डासावर आणि पाखरांच्याच हिवतापावर! त्या पाखरांच्या रक्तानें माणूस शहाणा झाला. १९०२ सालीं रॉसना नोबेल पारितोषिक मिळालें. पाखरांच्या वांट्याला त्या शहाणपणांतलें फारसें कांहीं आलें नाहीं.

तें ऋण आतां थोडेंसें फिटूं लागलें आहे. रानांतून आणलेल्या अंड्यांतून कांहीं अकिकिकी पिंजऱ्यांत वाढविले गेले. २०२३ पासून हवाईच्या डोंगरांत नर डास सोडण्यास आरंभ झाला. नर चावत नाहीं. आणि या नरांच्या अंगांतील जीवाणूमुळें त्यांच्याशीं जमलेल्या रानांतल्या मादीचीं अंडीं फुटत नाहींत. काट्यानें काटा काढण्याचाच हा प्रकार. पण काटा निघेपर्यंत पाय शिल्लक राहील ना?

अखेर माझा डास हातीं लागला. मीं दिवा मालवला, मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं नीट खोंचल्या आणि पडून राहिलों. मला खोंचावयास निदान कडा होत्या.