नवें पातेलें

लाओस देशांत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, ही गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही तीन वेळां विसरलों, आणि तिन्ही वेळां मागें बसलेल्या सौभाग्यवतींनीं पाठींत मूठ मारून तिची आठवण करून दिली. साल २०१९, फेब्रुवारी महिना, भाड्यानें घेतलेली लहानशी मोटारसायकल, आणि जावयाचें होतें फोनसावान शहरापासून मुआंग खूनच्याही पलीकडे (नांव ऐकून वाचकांनीं दचकूं नये) एका खेड्यांत, आमच्या लाओ मित्रांच्या घरीं.

हे मित्र शाळेंत शिकवितात. गांवचे लोक त्यांस ‘खू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरूच. आपल्या शब्दांचे असे आप्त त्या भाषेंत पुष्कळ भेटतात. भाषेला ते ‘फासा’ म्हणतात, आहाराला ‘आहान’, आणि वाटसरूंच्या विसाव्याच्या मांडवाला ‘साला’.

१९९८ सालीं खू शिष्यवृत्तीवर शिकावयास पुण्यास होते व आमच्या शेजारीं एका खोलींत राहात. गणपतीच्या दिवसांत आम्हीं त्यांस जेवावयास बोलाविलें. त्या वेळीं आमच्या आजी हयात होत्या. पाहुण्याच्या देशांत लोक काय काय खातात, हें त्यांनीं कोणाकडून तरी ऐकिलें होतें. पाहुण्याचें ताट ओसरीवर मांडलें गेलें, निराळ्या भांड्यांतून वाढलें गेलें, आणि आम्ही, तेवीस वर्षांचे पदवीधर, आंत पंक्तींत बसून मुकाट्यानें जेवलों. जेवण होतांच त्यांनीं आपलें ताट आपण उचलून नळाखालीं घासून ठेविलें व हात जोडून आजींस नमस्कार केला. पुढें एकवीस वर्षें पत्रें येत-जात राहिलीं. पण या प्रसंगाविषयीं आमच्यांत एक अक्षरही निघालें नाहीं.

शेवटच्या पत्रांत त्यांनीं रस्ता समजावून देऊन खालीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें कीं, मळलेली वाट सोडून एक पाऊलही टाकूं नये, लघुशंकेसाठीं सुद्धां नाहीं.

या ताकिदीचें कारण असें. १९६४ पासून १९७३ पर्यंत अमेरिकन विमानांनीं या देशावर वीस लक्ष टनांहून अधिक बाँब टाकिले. त्यांत एक जात अशी कीं, मोठा बाँब आकाशांतच उघडे व चेंडूएवढे शेंकडों लहान बाँब रानभर विखुरले जात. असे सुमारें २७ कोटी लहान बाँब पडले, आणि अदमासें दहांतले तीन फुटलेच नाहींत. ते अजून मातींत आहेत. लोक त्यांस ‘बाँबी’ म्हणतात. मुलें खेळणें समजून उचलतात. या शियेंगख्वांग प्रांताचा त्यांत फार मोठा वांटा होता. प्रांताची जुनी राजधानी मुआंग खून तर त्यांत जमीनदोस्तच झाली. वाटेंत आम्हीं तेथील भग्न विहार पाहिला. छप्पर नाहीं, विटांचे कांहीं खांब उभे, आणि मध्यें उघड्यावर बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ति.

पुढें डांबर संपलें व तांबडी धूळ सुरू झाली. ऊन चढल्यावर सौभाग्यवती गाडीवरून उतरल्या आणि दहा पावलांवरील झाडाच्या सांवलीकडे निघाल्या. एवढ्यांत म्हशी राखणारी एक मुलगी ओरडली. तिची भाषा आम्हांस मुळींच कळली नाहीं; परंतु सोवळ्यांतल्या आजींकडे धांवत जाणाऱ्या पोराला ज्या स्वरानें जागच्या जागीं थांबवीत, अगदीं तोच तो स्वर! सौभाग्यवतींचा उचललेला पाय तसाच राहिला. मग त्या आल्या पावलीं मागें फिरल्या. पुढचा सर्व रस्ता त्या एक शब्द बोलल्या नाहींत, व उजव्या बाजूसाठीं आमच्या पाठींत मूठही मारली नाहीं.

गांवांतलीं घरें लांकडी खांबांवर उंच उभारलेलीं. धान्याच्या एका कोठीखालीं मात्र खांबांच्या जागीं बाँबचीं रिकामीं टरफलें उभीं होतीं, आणि एका आडव्या टरफलांत माती भरून कांद्याची पात लाविली होती. खू जिन्याखालीं उभे होते. मस्तकावरचे केस पिकलेले, हंसणें तेंच.

लाओ स्वयंपाकांत मासळी आंबवून केलेल्या ‘पादेक’चा हात नाहीं असा पदार्थ विरळा, हें आम्हीं ऐकून होतों. दोन दिवस चिकट भात व केळीं यांवर काढूं, असा आमचा बेत होता. परंतु खूंनीं आमच्यापुढें एक पातेलें आणून ठेविलें. त्याच्या कांठावर दुकानाची चिठी अजून चिकटलेली होती. “हें काल फोनसावानहून आणलें,” ते मराठींत म्हणाले. “ह्यांत मासा कधीं नाहीं.” आंत भोपळा व पालेभाजी होती. मग ते, त्यांची पत्नी, मुलें व वृद्ध आई अशीं सर्व मंडळी आमच्याभोंवतीं चटईवर बसली, व वेताच्या करंडींतला भात बोटांनीं वळून त्याच पातेल्यांतल्या भाजीशीं जेवली. आमच्यानें घास गिळवेना.

सायंकाळीं त्यांनीं आमच्यासाठीं ‘बासी’चा विधि केला. केळीच्या पानांचे सुळके, झेंडूचीं फुलें व पांढरें सूत मध्यें मांडलें. माणसाच्या देहांत बत्तीस ‘ख्वान’ म्हणजे जीवशक्ति असतात, प्रवासांत त्या भटकतात, म्हणून त्यांस हांक मारून परत आणावयाचें व मनगटाला सुताचा दोरा बांधून देहांत स्थिर करावयाचें. एरवीं पाहुण्याच्या तळहातावर उकडलेलें अंडें ठेवितात. आमच्या हातावर केळें आलें. दोरा बांधणारी त्यांची आई. बाँब पडत तेव्हां ही बाई दिवसां गुहेंत राही व रात्रीं शेतांत खपे. खूंचा जन्मही गुहेंतलाच.

अंगणांत दोघेच राहिल्यावर आम्हीं आरंभ केला, “त्या दिवशीं आमच्या आजींनीं—”

“पांच मोदक वाढले,” ते म्हणाले. “ओसरीवर वारा चांगला होता.”

“तसें नव्हे, खू. तुम्हांला आम्हीं बाहेर बसविलें.”

ते थोडा वेळ मनगटावरच्या दोऱ्यांशीं चाळा करीत राहिले. “होय,” ते म्हणाले. मग ‘बो पेन न्यांग’, म्हणजे कांहीं नाहीं, असें पुटपुटले व गाडीची साखळी सैल झाली आहे, ती सकाळीं ओढून देतों, म्हणाले.

सकाळीं त्यांनीं साखळी ओढून दिली. दोरा तीन दिवस तरी सोडूं नये आणि कापूं तर मुळींच नये, असें आईंनीं सौभाग्यवतींस खुणांनीं दोनदां बजाविलें. आम्ही निरोप घेण्यास चुलीपाशीं गेलों, तों खूंच्या पत्नी त्या नव्या पातेल्यांत मासे शिजवीत होत्या.