घरची वही आणि आमरीची फुले

पैशाविषयी मोकळेपणाने बोलणे हे आपल्या घरांतून अद्याप असभ्यपणाचे समजले जाते. विद्या द्यावी, अन्न वाढावे, देवाला फुले वाहावी, आणि या साऱ्याचा जमाखर्च घरातील वडील पुरुषाने रात्री दिव्याशी बसून मुकाट्याने लिहावा, अशी आपली जुनी रीत आहे. तीत केवळ दोषच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. चार भावांची मिळकत सारखी नसतानाही चारही भावांची मुले एकाच पंगतीत जेवून वाढली, ती या मौनाच्याच पुण्याईने. परंतु ज्या गोष्टीविषयी उघड बोलायचे नाही, तिच्याविषयी प्रत्येकजण मनातल्या मनात बोलत असतो, हेही तितकेच खरे. घरातील एखाद्याचा छंद जोपर्यंत केवळ खर्चाचा असतो तोपर्यंत त्याला कौतुकाने हसून सोडून देता येते. तो चार पैसे मिळवू लागला म्हणजे मात्र ते मौन टिकत नाही. आमच्या घरी हा अनुभव एका फुलझाडाने आणून दिला.

आमचे घर चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्यापासून दोन-तीन कोसांवर आहे. एरवी दक्षिणेस वाहणारी वैनगंगा मार्कंड्यास उत्तरवाहिनी होते, म्हणून त्या स्थळाचे माहात्म्य मोठे. तेथील प्राचीन शिवमंदिरांचे शिल्पवैभव पाहून कनिंगहॅमसाहेबांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेविले आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. यात्रेकरू शिल्पे पाहतात, नदीत स्नान करितात आणि परततात. पण वाटेवरच्या जुन्या मोहांकडे आणि आंब्यांकडे मान वर करून पाहणारा विरळा. पाहिले तर उंच फांदीच्या बेचक्यात लांबट, जाड, पन्हळीसारख्या पानांचा एक झुबका दिसतो व त्याच्या पांढुरक्या मुळ्या सालीला बिलगून हवेत लोंबत असतात. उन्हाळ्यात, भोवतालचे रान होरपळून गेले असता, याला पिवळसर-तपकिरी चौकड्यांची, जांभळट-निळ्या ओठाची सुगंधी फुले येतात. हीच आमच्याकडची आमरी. शास्त्रज्ञांनी हिच्या कुळास ‘व्हँडा’ म्हटले, तेही आपल्या संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरूनच. काही प्रांतांत हिच्या मुळ्या ‘रास्ना’ म्हणून औषधासाठी विकल्या जातात.

काही वर्षांपूर्वी वळिवाच्या वादळात आमच्या शेताच्या धुऱ्यावरील मोहाची एक मोठी फांदी कोसळली. तिजवर आमरीचे दोन झुबके होते. ते आम्ही घरी आणले तेव्हा आमचे वडील बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, सहज म्हणाले, “हे बांडगूळ कशाला घरात?” शब्द सहज आला खरा, पण आपल्या एकत्र कुटुंबात तो केवळ वनस्पतीला लावला जात नाही. न मिळवता जेवणाऱ्या आप्तालाही आपण पाठीमागे तोच शब्द लावतो. म्हणून त्यातील भेद येथे स्पष्ट करणे अवश्य वाटते. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या अंगात खुपसून त्याचा रस ओढते. आमरी तसे काही करीत नाही. ती झाडाकडून केवळ जागा घेते. तिच्या मुळांवर पोकळ पेशींचे एक स्पंजासारखे वेष्टन असते. ते पावसाचे व दंवाचे पाणी क्षणात टिपून घेते. सालीच्या भेगांत साचलेला पालापाचोळा आणि पाण्याबरोबर वाहून येणारे क्षार, एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. आश्रयास असणारा प्रत्येकजण शोषण करतोच असे नाही, हे या झाडाने आम्हांस प्रथम शिकविले.

आमरी जगविणे वाटते तितके कठीण नाही. तिला मातीत लावू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे निम्मे काम झाले. खरबरीत सालीच्या लाकडावर ती सुतळीने बांधावी, किंवा भोकांच्या कुंडीत विटांचे तुकडे व लाकडी कोळसा भरून त्यावर बसवावी. आमच्याकडचा उन्हाळा फार कडक. पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे सहज जातो. म्हणून पश्चिमेस बांबूचा तट्टा उभारून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपावे लागते. झाडाची वाढ कळली म्हणजे एकाची दोन करणेही जमते. व्हँडा एकाच खोडाने वर चढते. ती उंच झाली व खोडाला वरच्या बाजूस तीन-चार हवाई मुळे फुटली, की त्या मुळांसह शेंडा कापून वेगळा लावावा. खालच्या बुंध्याला बाजूने नवे कोंब येतात. डेंड्रोबियम जातीच्या झाडाला जमिनीलगत नवनवी खोडे येत राहतात. तीन-तीन, चार-चार खोडांचे गट करून ते विभागावे. चाकू दर वेळी ज्योतीतून फिरवून घ्यावा, कारण एका झाडाचा रोग दुसऱ्यास चाकूच पोहोचवितो. कापलेल्या जागी आम्ही हळद लावतो.

बियांची कथा याहून निराळी. एका शेंगेत हजारो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या बारीक. निसर्गाने त्यांच्याबरोबर शिदोरी म्हणून काहीच दिलेले नाही. रानात विशिष्ट बुरशीची संगत लाभली तरच त्या रुजतात, हे १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नुडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, बुरशीवाचून, या बिया रुजवून दाखविल्या. ज्याच्या पदरी काही नाही त्यास आरंभी चमचाभर साखर मिळाली तर तो जगतो, इतकीच ती युक्ती. परंतु तिने श्रीमंतांच्या काचघरातील हे फूल सामान्यांच्या ओसरीवर आणून सोडले.

ही युक्ती आमच्या घरी आणली ती आम्ही नव्हे, आमच्या पुतण्याच्या पत्नीने. सूनबाई वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर. त्यांनी दोन झुबक्यांतील एकाचे मेणासारखे परागपिंड दुसऱ्याच्या फुलावर दाताच्या काडीने ठेविले, शेंग धरली, ती उकलण्यापूर्वीच काढून, बाहेरून निर्जंतुक करून, बाटल्यांत बिया पेरल्या. साखर, अगार आणि केळ्याचा गर यांचे मिश्रण शिजवावयास त्यांनी स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर घेतला, तेव्हा आमच्या मातुःश्रींनी तो त्या दिवसापासून सोवळ्यातून बाद केला! बऱ्याच आठवड्यांनी बाटलीच्या तळाशी मोहरीहून लहान असे हिरवे मणी दिसू लागले. अशा मण्याला फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोपर्यंत हातखर्चास उपयोगी पडावी म्हणून त्यांनी रोपवाटिकेतून डेंड्रोबियमची संकरित रोपे आणून त्यांचे विभाग करून वाढविले, आणि गडचिरोली-चंद्रपूरची ओळखीची मंडळी ती विकत मागू लागली.

येथून घरातील मौनाला तडे जाऊ लागले. मातुःश्रींचे म्हणणे असे की, फुलझाड देवाचे. ते मागणाऱ्यास द्यावे, त्याचे पैसे घेऊ नयेत. पुतण्या म्हणू लागला की, पैसे घ्यावयाचेच तर कर्ज काढून, हिरवी जाळी उभारून पाचशे रोपे का करू नयेत? दादांनी दोघांनाही काही उत्तर दिले नाही; आलेली रक्कम त्यांनी आपल्या नेहमीच्या वहीत ‘संकीर्ण जमा’ या सदरात लिहिली. कोळसा, बाटल्या, जाळी यांचा खर्च पूर्वीपासून ‘काकाजींचा छंद’ या नावाखाली पडतच होता. काही महिन्यांनी सूनबाईंनी ती वही पाहावयास मागितली, आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “मामंजी, खर्च काकाजींच्या नावे पडतो, मिळकत घराच्या नावे जमा होते. मग माझ्या नावे काय लिहायचे?”

दादा म्हणाले, “सूनबाई, तुला या घरात काय कमी आहे?”

“कमी काहीच नाही, म्हणूनच विचारण्याचे धाडस झाले,” त्या म्हणाल्या.

वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता हजार-दोन हजार रुपयांचा. वस्तुतः तो फार पुरातन आहे. स्त्रीधनाची चर्चा करणाऱ्या आपल्या स्मृतिकारांनी विवाहात मिळालेले, माहेरून आलेले धन स्त्रीचे मानले. परंतु तिने शिल्पकौशल्याने मिळविलेल्या द्रव्यावर कात्यायनाने पतीचे स्वामित्व सांगितले. म्हणजे दिलेले तिचे, आणि कमावलेले मात्र तिचे नव्हे! पुरुषांचीही स्थिती सर्वस्वी निराळी नव्हती. कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्या मुलाची मिळकत कुटुंबाची की त्याची, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले. अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० साली कायदा झाला, व विद्येच्या बळावर मिळविलेले धन ज्याचे त्याचे ठरले. हिंदू स्त्रीस आपल्या मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. कायदा अशा रीतीने पुढे गेला; घरची वही मात्र पुष्कळ ठिकाणी कात्यायनाच्याच काळात राहिली आहे.

आमरीच्याच कुळातील एक हकीकत येथे आठवते. व्हॅनिला ही एका आमरीच्या वेलीची शेंग. मेक्सिकोबाहेर या वेलीला फूल येई, पण तेथील कीटकांवाचून फळ धरत नसे. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने काडीने व अंगठ्याने फुलात पराग बसविण्याची सोपी रीत शोधून काढली. तीवर त्या बेटाचा व्यापार उभा राहिला. मळेवाले धनाढ्य झाले. १८४८ साली तेथील गुलामगिरी संपल्यावर त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. धन मात्र मिळाले नाही. १८८० साली तो दारिद्र्यातच वारला. हात त्याचे आणि वही दुसऱ्याची, एवढ्यात त्याचे चरित्र आटोपते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क २००९ साली मिळविला, आणि आपला बांबू आपण विकण्याचा परवाना त्यांच्या हाती १९११ साली नव्हे, २०११ साली पडला. ज्यांनी ते रान पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांचे नाव जमेच्या बाजूस येण्यास इतका काळ गेला. गाव असो वा घर, श्रम करणाऱ्यास पोटभर अन्न मिळते आहे एवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

मातुःश्रींच्या म्हणण्यातही तथ्य होते, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु फुकट दिलेल्या रोपांची गती आम्ही पाहिली आहे. ज्याने दाम मोजले तो पाणी घालण्याची रीत विचारतो. ज्याला ते आयते मिळाले तो ते मातीत पुरून आठ दिवसांत कुजवितो. शिवाय याहून मोठे कारण आहे. घरी वाढविलेले रोप रास्त किंमतीत मिळू लागले, तर रानातील झाड ओरबाडून आणण्याचा मोह कमी होतो. राखीव वनातून असे झाड काढणे कायद्याने निषिद्ध आहेच. पण कायद्याचा पहारा प्रत्येक मोहाखाली बसू शकत नाही. पडलेल्या फांदीवरचे झाड वाचवावे, त्याची वाढ करावी, आणि वाढीतले विकावे, हीच मर्यादा आम्हांस योग्य वाटते. पुतण्याच्या पाचशे रोपांचा विचार सूनबाईंनीच दूर ठेविला. कर्जाची घाई झाडाला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

दादांनी त्या दिवशी पुढे काही भाष्य केले नाही. पण पाडव्यास नवी वही घातली, तेव्हा तीत एक स्वतंत्र पान सूनबाईंच्या नावाने होते. जमा एका बाजूस, खर्च दुसऱ्या बाजूस, आणि अक्षर दादांचेच. शिलकेतून सूनबाईंनी पहिली वस्तू घेतली ती दागिना नव्हे, बाटल्यांसाठी निराळा कुकर. मातुःश्रींचे सोवळे त्यामुळे सुरक्षित झाले! त्यानंतर दर महिन्यास काही रक्कम त्या आपण होऊन घरखर्चात घालतात. पूर्वी तीच रक्कम घरात येत होती, मग फरक काय, असे कोणी विचारील. फरक हा की, पूर्वी ती घेतली जात होती, आता ती दिली जाते. दान करण्याचा आनंद ज्याचे काही स्वतःचे आहे त्यासच मिळू शकतो.

एकत्र कुटुंब मोडावे असे आमचे मुळीच मत नाही. मोहाच्या झाडावर आमरी वाढते म्हणून मोह वाळत नाही, आणि मोहाचा आधार घेतला म्हणून आमरीच्या मुळ्या त्याच्या होत नाहीत. ज्या घरी वही मोठी आहे, त्या घरी तीत एक पान वाढविण्याने वही फाटत नाही. उलट ती अधिक दिवस टिकते, असा निदान आमच्या घरचा तरी अनुभव आहे.