पारडं

आमचं किराणा मालाचं दुकान होतं. अण्णा तराजू हातात धरून तोलायचे. पारड्यात डाळ पडली की दांडी थरथरायची आणि मी घाईने आणखी मूठभर टाकायला जायचे. ते माझं मनगट धरायचे. ‘काटा थांबू दे आधी.’

पुढे हेलिकॉप्टर शिकताना हेच वाक्य मला पुन्हा भेटलं, फक्त हिंदीत. चीता हे हेलिकॉप्टर जमिनीपासून पाच फुटांवर जागच्या जागी धरून ठेवायचं, याला हॉवर म्हणतात. डाव्या हातात वर-खाली नेणारं कलेक्टिव्ह, उजव्या हातात पुढे-मागे-बाजूला नेणारं सायक्लिक, पायाखाली नाक वळवणारं पेडल. कलेक्टिव्ह वर घेतलं की नाक डावीकडे पळतं, म्हणून उजवा पाय दाबायचा. नाक सावरावं तर यंत्र सरकू लागतं, सायक्लिकने त्याला जागेवर आणावं तर उंची जाते. नवशिकी मुलं प्रत्येक चूक दुप्पट जोराने दुरुस्त करतात, मीही करायचे. सबंध मैदानावर माझं झुलणं पाहून प्रशिक्षक सरांनी सांगितलं, मुठीत धरू नकोस, दोन बोटांत धर, आणि केलेल्याचा परिणाम दिसेपर्यंत गप्प बस. गप्प बसणं शिकायला मला अकरा दिवस लागले.

हाताच्या ताकदीचा प्रश्न मात्र आम्हा मुलींना सगळीकडे विचारला गेला. नव्वदच्या दशकात हवाई दलात मुलींच्या वैमानिक-प्रशिक्षणाला सुरुवात झाली, तेव्हाही लोकांच्या मनात तोच होता. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन चीता उडवत होत्या: जखमींना खाली आणणं, रसद पोचवणं, शत्रूच्या जागा हेरणं. गुंजन तेव्हा विशीतच होती. चीताला बंदूक नाही, इंजिन एकच, पुढे काचेचा बुडबुडा आणि मागे नळ्यांचा उघडा सांगाडा. त्याच युद्धात, २८ मे रोजी, तोलोलिंगजवळ आपलं एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं. ते माहीत असूनही या दोघी त्याच डोंगरांत जात राहिल्या. पुढे गुंजनवर चित्रपट निघाला. त्यात पुरुष अधिकारी तिला पंजा लढवायला लावतात. असं काही झालं नव्हतं, असं श्रीविद्या यांनी जाहीरपणे सांगितलं. चित्रपटाला पंजाच सुचावा याचं मला हसू येतं. दोन बोटांच्या कामाला!

डोंगरात खरा प्रश्न वजनाचा असतो. कारगिलजवळचं द्रास दहा हजार फुटांच्या वर, चौक्या त्याहून कितीतरी उंच. हवा विरळ, त्यामुळे पात्यांना धरायला काही नाही आणि इंजिनाचाही दम कमी. चीता स्वतःच्या वजनासकट जास्तीत जास्त १९५० किलो घेऊन उठू शकतं, पण ते खाली. वर प्रत्येक हजार फुटाला त्यातून वजा करत जायचं. ऊन चढलं की आणखी वजा. इंधनाचा एक लिटर म्हणजे साधारण ८०० ग्रॅम, म्हणून परतीपुरतं आणि थोडं वर एवढंच भरायचं. त्या हिशोबात माझे ५४ किलो म्हणजे चैन होती. ज्यांनी माझे दंड पाहून मान हलवली होती, तेच पुढे उंच हेलिपॅडच्या कामाला माझं नाव आधी लिहू लागले. याबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

एकदा वरच्या चौकीवरून हिमदंश झालेला एक जवान आणायचा होता. पाती फिरतच ठेवायची, आपण यंत्रातून खाली उतरायचं नाही, एखाद-दोन मिनिटांत निघायचं. त्याची पिशवी काढून घेतली, कोट काढून घेतला. बूट मात्र तो छातीशी धरून बसला. पाय पट्ट्यांत गुंडाळलेले, त्यात ते बूट पुन्हा जातील की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं. को-पायलटने माझ्याकडे पाहिलं. मी कलेक्टिव्ह तसूभर उचलून पाहिलं, थांबले, काट्याकडे पाहिलं. जरा जड होतं.

मी माझी पिशवी दारातून बाहेर दिली. त्यात पाण्याची बाटली, जर्सी आणि बिस्किटांचे दोन पुडे होते. बूट राहिले. पिशवी आठवड्याने परत आली, जर्सी नीट घडी घातलेली. बिस्किटं तेवढी नव्हती.